मदत हवी आहे : वय ३६, मेडिकल चालवतो, आता नीट (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) देऊन एमबीबीएस करावं का?

नमस्कार मंडळी,

धागा लांबला आहे. पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहितो.

मी गंगाखेडचा (जि. परभणी). बारावी सायन्स २००७, पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ३०० पैकी १५७. तेव्हा एमएच-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा होती, ७०:३० चा प्रादेशिक कोटा (७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना) होता आणि अख्ख्या मराठवाड्यात सरकारी मेडिकल कॉलेजं चारच : घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, नांदेड, लातूर. आपला नंबर लागत नाही हे निकालादिवशीच कळलं. डी.फार्म. (फार्मसीची पदविका) केलं आणि २०११ पासून स्वतःचं मेडिकल आहे. घरी आईवडील, पत्नी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, मुलगी पाचवीत. डोक्यावर कर्ज नाही, गाठीला फार शिल्लकही नाही.

आता मूळ कारण सांगतो. जवळच्या खेड्यातल्या एक मावशी दुकानात यायच्या, रोजानं शेतात जाणाऱ्या. "गुडघे लई दुखायलेत बाबा, मागच्या खेपंची पट्टी दे." डायक्लोफेनॅकची दहा गोळ्यांची पट्टी. हे शेड्यूल एचचं औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं, हे मला पाठ आहे. तरी दिली. दर बाजाराला, दोन वर्षं. कधी तरी "मावशी, डॉक्टरला दाखवा" असं म्हटलं असेन, पण म्हणता म्हणता पट्टी हातात दिलीच. गेल्या दिवाळीनंतर त्या यायच्या थांबल्या. मग एक दिवस त्यांचा मुलगा आला तेव्हा समजलं, किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. बीपी कधी तपासलंच नव्हतं, त्याचाही वाटा आहे असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. पण पट्ट्या माझ्या हातून गेल्या होत्या. तो पोरगा मला एक शब्द बोलला नाही. चिठ्ठी पुढं करून म्हणाला, "डॉक्टर, हे इंजेक्शन तुमच्याकडं भेटंल का?"

गावातली अर्धी माणसं मला डॉक्टरच म्हणतात. त्या दिवसापासून तो शब्द कानाला टोचतो.

तेव्हापासून चिठ्ठीशिवाय शेड्यूल एचची एकही गोळी दिलेली नाही. धंदा पडला, ते चालेल. पण मी "नाही" म्हटलं की माणूस तिथंच उभा राहून विचारतो, "मग काय घेऊ? कुठं जाऊ?" समोर सुजलेले पाय दिसतात, धाप लागलेली दिसते, आणि मला तपासता येत नाही. औषध माहीत आहे, माणूस वाचता येत नाही. हे मला शिकायचंय. प्रतिष्ठा, पैसा यासाठी असतं तर मी एवढ्या उशिरा या वाटेला गेलो नसतो.

वयाची अडचण नाही हे मी पाहून घेतलंय. २०१७ साली नीटला २५ वर्षांची (राखीव प्रवर्गाला ३०) कमाल अट आली होती, ती कोर्टात गेली, आणि मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं वरची मर्यादाच काढून टाकली. खुल्या प्रवर्गाला पीसीबीत ५० टक्के लागतात, माझे ५२ च्या वर आहेत. आठ गुण कमी असते तर हा धागा निघालाच नसता. ७०:३० सुद्धा २०२० ला रद्द झालं. आणि धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली धरून आता मराठवाड्यात सरकारी कॉलेजं आठ आहेत. परभणीचं २०२३ ला सुरू झालं, तेव्हापासून हा विचार जास्तच छळतोय. नंबर तिथं लागला तर रेल्वेनं अप-डाऊन करता येईल.

तीन महिन्यांपासून अभ्यास करतोय. रात्री साडेनऊ ते साडेबारा, आणि दुपारी दोन ते पाच शटर अर्धं ओढून. नीटची वेळही तीच, म्हणून मुद्दाम त्या वेळी बसतो. बायोलॉजी जमतंय. केमिस्ट्रीत ऑरगॅनिक आठवायला लागलंय. फिजिक्सनं मात्र जीव काढलाय. परवा पूर्ण सराव पेपर सोडवला, ७२० पैकी २९८. त्यात फिजिक्सच्या ४५ प्रश्नांत ११ बरोबर, १९ चूक, म्हणजे चुकीचे गुण वजा होऊन सगळे मिळून २५ गुण.

घरचं मत वेगवेगळं आहे. वडील म्हणतात, "पोरगी शिकवायची का तू शिकायलास?" पत्नी विरोधात नाही. ती म्हणाली, "तुम्ही शिका, माझ्या पगारात घर चालंल. दुकान कुणाच्या जिवावर सोडायचं तेवढं सांगा." तिचा प्रश्न खरा आहे. परवाना माझ्या नोंदणीवर आहे, नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असल्याशिवाय औषधं विकता येत नाहीत. माणूस ठेवला तर पगार देऊन हातात काय उरेल? आणि नुसतं प्रमाणपत्र भिंतीला लावून गायब राहणारा फार्मासिस्ट मला नकोय, त्यातून काय होतं ते वर लिहिलंच आहे.

हिशेब असा बसतो : पुढच्या मे महिन्यात नाही, त्याच्या पुढच्या वेळी नंबर लागला असं धरलं तर प्रवेशाला ३८. साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे ४४ च्या आसपास. सरकारी कॉलेजचा एक वर्षाचा बाँड (सक्तीची सरकारी सेवा) धरून ४५. इंटर्नशिप संपता संपता मुलगी स्वतः बारावीत. एका घरात दोन डॉक्टरकीची स्वप्नं कशी पेलायची, हाही प्रश्न आहे.

विचारायचंय ते हे. एक, तिशी-पस्तिशीनंतर एमबीबीएसला गेलेलं कुणी इथं आहे का? दोन, फिजिक्स शून्यातून उभं करायला लातूरला वर्षभर रिपीटर (पुन्हा नीट देणाऱ्यांच्या) बॅचला जाऊन राहावं, की घरीच जमेल? तीन, मी जे शोधतोय त्याला एमबीबीएस हेच उत्तर आहे का? तिसऱ्याचं उत्तर कडू असलं तरी द्या.

प्रतिसाद : रात्रपाळी

मी घाटीतून एमबीबीएस केलं, आता ग्रामीण रुग्णालयात आहे. आमच्या बॅचला एक जण तिशीला टेकलेला होता, आधी बँकेत. पास झाला, चांगला डॉक्टर झाला. त्याला अभ्यास जड गेला नाही, पाठांतर जड गेलं. ॲनाटॉमीची नावं आज पाठ केली की उद्या पुसली जायची. पहिलं वर्ष पास व्हायला चारच संधी असतात आणि सगळा कोर्स नऊ वर्षांत संपवावा लागतो, हे लक्षात ठेवा. थिअरीला ७५ टक्के, प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते, म्हणजे दुकानात मधून मधून बसू हे विसरा. बाँड आहेच, पण तुमचा तो मोडायचा विचार दिसत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न. राग मानू नका. मावशींच्या बाबतीत जे चुकलं ते डॉक्टरचं काम नव्हतं, फार्मासिस्टचं होतं. "ही गोळी रोज घेतली तर किडनी जाऊ शकते" हे सांगायला एमबीबीएस लागत नाही. ते ओझं उतरवायला डॉक्टर व्हायचं असेल तर होऊ नका, ते उतरत नाही. माझ्या डोक्यावर अशी तीन-चार नावं आहेत. तपासायला शिकायचंय म्हणून यायचं असेल, तर या.

प्रतिसाद : रिपीटरबॅच

लातूरला फिजिक्स शिकवतो. दादा, इथं येऊन राहू नका. वर्षभराची फी, खोली, मेस, आणि वर्गात १८ वर्षांची पोरं ज्यांचा पाया तयार आहे. मास्तर तुमच्यासाठी थांबणार नाही. तुमचे १९ चुकीचे बघा आधी. त्यातले दहाएक अंदाजानं ठोकलेले असणार, ते सोडले असते तरी दहा गुण वाढले असते. आठवी ते दहावीचं गणित पंधरा दिवस करा : घातांक, त्रिकोणमिती, आलेख. मग करंट इलेक्ट्रिसिटी, मॉडर्न फिजिक्स, सेमीकंडक्टर. हे धडे आटोपशीर आहेत, गुण लवकर हाताला लागतात. मेकॅनिक्स त्यानंतर, सावकाश. जुनी पुस्तकं वापरत असाल तर आधी अभ्यासक्रम तपासा, २०२४ ला बरेच धडे वगळलेत. प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते, पण तुम्ही बारावी इंग्रजीतून केलीय, उगीच बदलू नका.

प्रतिसाद : गोदाकाठ

डी.फार्म.वरून फार्म.डी.ला (फार्मसीतली डॉक्टर ऑफ फार्मसी ही पदवी) जाता येतं, त्याला नीट लागत नाही. वॉर्डात डॉक्टरांबरोबर काम असतं. त्याचा विचार केला का?

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद पत्नीला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." मलाही ते पटलं. आज दुपारी पुस्तक बाजूला ठेवून दुखण्याच्या गोळ्या नेहमी नेणाऱ्यांची नावं वहीत काढली, १४ निघाली. पुढच्या बाजाराला एकेकाशी बोलणार आहे, बीपी मोजायचं मशीनही काउंटरवर ठेवतोय. हे नीटचं काहीही होवो, करायचंच आहे.

तरी तपासायला शिकायची ओढ कमी झालेली नाही. म्हणून पुढच्या मेची नीट देणार. लातूरला जात नाही, १९ चुकीचे आज रात्री तपासतो. गोदाकाठ, फार्म.डी. सहा वर्षांचं आहे आणि शेवटी तपासण्याचा अधिकार मिळत नाही, म्हणून मनातून मागं पडलं होतं, पण पुन्हा बघतो.

एक राहिलं. शिक्षणात एवढी वर्षं खंड असला की प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात म्हणे. मधल्या डी.फार्म.च्या वर्षांसकट एकच करायचं का त्यानंतरचं वेगळं? कुणी अलीकडं केलं असेल तर सांगा.