ब्युरोची 'सिस्टर' आणि नोंदणी क्रमांक

घरी रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या 'ब्युरोच्या बाईंना लायसन्स लागतं का?' या प्रश्नावर थोडी भर. एएनएम, जीएनएम (नर्सिंगचे कोर्स) झालेली नर्स असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवीच. आंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं करणाऱ्या मावशींना आपल्याकडे तशी सक्ती नाही. 'होम हेल्थ एड' कोर्स आहे, पण ऐच्छिक. अमेरिकेत मेडिकेअर-मान्य (मेडिकेअर म्हणजे तिथला सरकारी आरोग्यविमा) एजन्सीला अशा कामासाठी किमान ७५ तास प्रशिक्षित माणूसच पाठवावा लागतो, त्यातले निदान १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचे.

आमच्याकडे ठाण्यात घोडबंदरला ॲप्रनवाली 'सिस्टर' आली, दर नर्सचा. नोंदणीचा नंबर विचारला तर म्हणे, "तो ऑफिसात असतो." आणि राईल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने) भरवताना आजींना चक्क आडवं ठेवलेलं! डोक्याकडची बाजू ३०-४५ अंश उचललेली हवी, नाहीतर अन्न फुप्फुसात जायची भीती. ट्यूब, इंजेक्शनचं काम असेल तर नंबर बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.