मदत हवी आहे: खाद्यात थायरम लावलेलं बियाणं गेलं, पक्षी लंगडतायत

उदगीर तालुका. घरचे १५०० ब्रॉयलर (कंपनीचे नाहीत), वय २२ दिवस. खाद्य घरीच भरडतो. त्यात थायरम (बियाण्याला लावायचं बुरशीनाशक औषध) लावलेलं मक्याचं उरलेलं बियाणं चुकून मिसळलं. पोत्याच्या तळाशी गुलाबी दाणे दिसले तेव्हा कळलं. आठवडाभर खाल्लंय.

शंभरेक पक्षी लंगडतात, बसूनच राहतात. मर फारशी नाही. एका मेलेल्या पक्ष्याचं तंगडीचं हाड उभं चिरलं, तर वरच्या टोकाला पांढरा कूर्चेचा गोळा होता.

परवापासून तयार फीड चालू केलंय, पाण्यातून व्हिटॅमिन डी३ आणि कॅल्शियम देतोय. फरक नाही. लसी वेळेवर झाल्यात. जुन्या खाद्याचा नमुना ठेवलाय.

लंगडे पक्षी सुधारतील का? बाकीचे विकायला किती दिवस थांबू? लोकांच्या ताटात औषध जायला नको. आणि परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात खाद्यातला थायरम तपासून मिळतो का?