कपड्यांवर आणि घरातल्या वस्तूंवर आद्याक्षरे भरून घ्यावीत का?

पार्लेकरीण

नमस्कार मंडळी. डिसेंबरात माझ्या मुलीचे लग्न आहे आणि सध्या आमच्या विलेपार्ल्याच्या घरात रुखवताची तयारी चालू आहे. शोभेच्या वस्तूंपेक्षा उपयोगाच्या वस्तू मांडाव्यात असे आम्ही ठरवले, आणि त्याप्रमाणे सहा मोठे टॉवेल, बारा नॅपकिन, चार चादरी, त्यांचे अभ्रे आणि जावयासाठी चार शर्टांचे कापड असे सामान मंगलदास मार्केट व हिंदमाता येथून गोळा झाले. शर्टांचे कापड शिंप्याकडे टाकायला गेले तेव्हा त्याने सहज विचारले, "कफवर मोनोग्राम घालायचा का?" तेथून घरात जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

मुलीला हौस आहे. तिला शर्टांवरच नव्हे, तर टॉवेल आणि चादरींवरही दोघांची आद्याक्षरे हवी आहेत. यजमानांचे म्हणणे असे की आपण काही संस्थानिक नव्हे, आणि स्वतःच्याच न्हाणीघरात टांगलेल्या टॉवेलवर स्वतःचे नाव वाचून कोणाला काय कळायचे आहे? मला दोघांचेही थोडे थोडे पटते, म्हणून येथे विचारत आहे.

माझी खरी अडचण अक्षरांची आहे. मुलीचे नाव 'श्रु'पासून सुरू होते आणि जावयाचे 'कौ'पासून. मुलगी लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदलणार नाही, त्यामुळे आडनावाचे एकच अक्षर घालावे तर ते कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. रोमन अक्षरे सोपी पडतील असे शिंपी म्हणतो, परंतु मराठी घरातील रुखवतावर रोमन अक्षरे मला रुचत नाहीत. शिवाय हे भरतकाम धुण्यात टिकते का, आणि पुढे नको झाले तर उसवता येते का, हेही कोणी अनुभवाने सांगितल्यास बरे होईल.

कशिदाकार

ताई, माझा भरतकामाचा छोटा कारखाना आहे आणि अशी कामे लग्नसराईत रोज येतात, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. भरलेले अक्षर उसवता येते, पण पुसता येत नाही. दाट सॅटिन टाक्याच्या अक्षरात सुई त्या इवल्याशा जागेत शेकडो वेळा आरपार गेलेली असते. धागा काढला तरी छिद्रे राहतात, आणि भोवतालचे कापड धुण्याने फिके झालेले असल्यामुळे अक्षराच्या आकाराचा गडद ठसा वर्षभरानंतरही दिसतो. त्यामुळे अक्षराबद्दल मनात शंका असेल तोवर सुई लावू नये, असे मी गिऱ्हाइकाचे नुकसान होऊ नये म्हणून आणि स्वतःचा धंदा थोडा बुडवूनही सांगत असतो.

टिकण्याबद्दल विचाराल तर धागा कोणता आहे यावर सगळे अवलंबून असते. रेयॉनच्या धाग्याला चमक सुंदर असते, परंतु ओला झाल्यावर तो कमजोर पडतो आणि ब्लीच त्याला सोसत नाही. टॉवेल आणि चादरी वारंवार धुतल्या जाणार, तेव्हा त्यांना पॉलिएस्टरचा धागाच घालावा. जरीचा आग्रह कोणी धरला तर मी नाही म्हणतो, कारण ती काळी पडते आणि अंगाला टोचते.

टॉवेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे जी बहुतेकांना ठाऊक नसते. टॉवेलच्या पृष्ठावर सुताचे फासे उभे असतात. त्यांवर थेट अक्षर भरले तर टाके फाशांत बुडतात आणि दोन धुण्यांनंतर अक्षराच्या मधून फासे डोके वर काढतात. म्हणून टॉवेलवर पाण्यात विरघळणारा एक पातळ पारदर्शक पापुद्रा ठेवून त्यावरून भरावे लागते. पहिल्या धुण्यात तो निघून जातो आणि अक्षर वर उचललेले राहते. ज्याच्याकडे काम द्याल त्याला हा पापुद्रा वापरतो का ते विचारा. त्याने तोंडाकडे पाहिले तर दुसरा कारागीर शोधा. सुती कापड भरण्याआधी एकदा धुऊन घ्यावे हे तर फारच महत्त्वाचे आहे, कारण कापड आटते आणि पॉलिएस्टरचा धागा आटत नाही, आणि मग अक्षराभोवती ज्या चुण्या पडतात त्या कोणत्याही इस्त्रीने जात नाहीत.

शर्टाचे काम शिलाई पूर्ण होण्यापूर्वी करावे. कफ बाहीला जोडण्याआधी सपाट असतो, तेव्हा त्यावर नीट भरता येते आणि टाक्यांची मागची बाजू कफच्या अस्तरात लपते. तयार शर्टावर भरले तर मागचे टाके मनगटाला लागतात. डाव्या कफवर किंवा पोटाजवळ डाव्या बाजूला, खालून दुसऱ्या-तिसऱ्या बटणाच्या रेषेत, कापडाच्या रंगाहून एखादी छटा गडद अशा धाग्यात भरलेले अक्षर चांगले दिसते. खिशावर मोठे अक्षर भरले की शर्ट गणवेशासारखा दिसू लागतो.

आता 'श्रु' आणि 'कौ'. रोमन अक्षर सहा मिलिमीटर उंचीतही स्वच्छ उमटते. आपल्या अक्षराला शिरोरेषा आहे, तिच्यावर मात्रा आहे, खाली उकार आहे, आणि ह्या सर्वांना तेवढ्याच उंचीत जागा द्यायची तर प्रत्येक रेषा इतकी बारीक होते की सुईला वळायलाच वाव राहत नाही. 'श्रु'सारखे अक्षर मी बारा मिलिमीटरपेक्षा लहान भरत नाही, म्हणजे कफवर ते बेताचेच बसेल. टॉवेलवर मात्र पाच सेंटिमीटर घेतले तर फार देखणे होईल. दुसरे असे की संगणकातील तयार अक्षरसंच बहुधा रोमन असतात. देवनागरी अक्षर यंत्रासाठी हाताने आखावे लागते आणि त्या आखणीचे पैसे एकदाच पण वेगळे द्यावे लागतात. तुमच्या शिंप्याला रोमन 'सोपे' वाटते ते यामुळे.

गिरगावची माहेरवाशीण

कशिदाकारांनी टाक्यांचे सांगितले, मी नावाचे सांगते.

आपल्याकडे कापडावर नसेल, पण भांड्यांवर नावे घालण्याची चाल घरोघरी होती. तांबाकाट्याला भांडी घेतली की दुकानातच एक माणूस यंत्राची टोकदार सुई थरथरवत पातेल्याच्या काठाखाली नाव कोरून देत असे, आणि त्या नावामागे मिरवण्यापेक्षा व्यवहार अधिक होता. चाळीत एका घरी सत्यनारायण असला की मोठी पातेली, परात, झारे शेजारच्या दहा घरांतून यायचे आणि प्रसाद वाटून झाल्यावर कोणाचे काय हे नावावरूनच कळायचे. आजही आमच्याकडे गणपतीत हेच चालते.

माझ्या आजीच्या माहेरून आलेल्या पितळी डब्यावर तिचे माहेरचे नाव आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले आणि त्या दिवसापासून त्या डब्यावरचे नाव असलेली मुलगी घरात कोणी हाक मारायला उरली नाही. पुढची भांडी नव्या नावाने आली. एकाच फळीवर दोन बायकांची भांडी आहेत असे मला लहानपणी वाटत असे. ती दोन्ही आजीचीच होती हे मला फार उशिरा कळले.

म्हणून आपल्या मुलीच्या बाबतीत मी आडनाव सोडूनच देईन. पाश्चात्त्य रीतीत तीन अक्षरांतले मधले मोठे असले तर ते आडनावाचे समजतात, आणि जोडप्याच्या मोनोग्राममध्ये त्याच्या दोन बाजूंना बायकोचे व नवऱ्याचे नाव येते. ती रीत मुळात 'दोघांचे आडनाव एक' हे गृहीत धरून बेतलेली आहे. जेथे आडनावे दोन आहेत तेथे ती लागूच पडत नाही. आपल्या नावातले मधले अक्षर तर वडिलांचे किंवा पतीचे असते आणि लग्नाने बदलायची शक्यता सर्वांत अधिक तेथेच. नुसते 'श्रु' आणि 'कौ' ठेवा. टॉवेल एकेकाचे असतात, त्यांवर एकेक अक्षर घाला. चादर दोघांची, तिच्यावर दोन्ही. (यापुढच्या पिढीचे आणखी अवघड आहे, कारण १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आला आहे. चार अक्षरे कफवर कशी बसवायची ते त्यांचे शिंपी बघतील.)

आणि आद्याक्षरे मराठीत रुळलेली नाहीत असे कोणी म्हणू नये. दादरला न. चिं. केळकर मार्ग आहे, लोअर परळला ना. म. जोशी मार्ग आहे. त्या पाट्या नीट पाहिल्या तर लक्षात येते की आपण नावाचे पहिले अक्षर त्याच्या काना-मात्रा-अनुस्वारासह घेतो, 'चिं'चा 'च' करत नाही. तेव्हा जागा वाचवण्यासाठी कोणी 'श्रु'चा 'श' करायला सांगितले तर ऐकू नका.

पार्लेकरीण

ताई, एकेकाच्या टॉवेलवर एकेक अक्षर ही कल्पना मला इतकी साधी आणि योग्य वाटली की ती आधी कशी सुचली नाही याचेच नवल वाटते. मुलीलाही पटली. यजमान मात्र अजून "उपयोग काय?" येथेच अडलेले आहेत.

परळचा निवृत्त

आपल्या बेतात बिब्बा घालावा असा माझा हेतू नाही, परंतु विषय बिब्ब्याचाच आहे. कपड्यांवर खुणा करण्याचे काम आपल्या देशात परीट मंडळी पिढ्यान्‌पिढ्या करत आली आणि त्यांची शाई म्हणजे बिब्ब्याचा रस. चुन्याबरोबर तो काळा होतो आणि पाण्याने जात नाही. इंग्रजांनी या फळाला 'मार्किंग नट' असे नाव दिले ते यावरूनच. तो अंगावर उततो हेही आपल्याकडे सर्वांना ठाऊक होते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांना मात्र ते ठाऊक नव्हते. परटाने कॉलरच्या आत केलेल्या खुणेमुळे त्यांच्या मानेवर नेमके तेवढ्याच जागी पुरळ उठू लागले आणि डॉक्टरांच्या पुस्तकांत त्या विकाराला धोब्याचेच नाव मिळाले.

हे सांगण्याचे कारण असे की परटाची खूण कधीही नावाची नसे. दोन रेघा, एक टिंब, एखादे अक्षर, आणि तेही कॉलरच्या आत किंवा कमरपट्टीच्या मागे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली मुंबईत सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या कामातही हेच तत्त्व आहे. झाकणावरच्या रंगीत अक्षरांत आणि आकड्यांत कोठल्या स्थानकावर उतरायचे, कोणती इमारत, कितवा मजला हे सर्व असते. जेवणाऱ्याचे नाव लिहिण्याची गरज पडत नाही. वस्तू परत मिळण्यासाठी खूण पुरते आणि नाव हे लोकांनी वाचावे म्हणून असते, असा माझा आपला समज आहे.

अपवाद छत्रीचा. आमच्या लहानपणी जूनच्या पहिल्या आठवड्यात पदपथावर बसलेला रंगारी काळ्या कापडी छत्रीवर पांढऱ्या तेलरंगाने पूर्ण नाव लिहून देत असे, कारण कचेरीच्या कोपऱ्यात पाणी गाळत उभ्या असलेल्या चाळीस काळ्या छत्र्यांत आपली ओळखायला दुसरा उपाय नव्हता. माझ्या वडिलांची छत्री दोनदा लोकलमध्ये राहिली आणि दोन्ही वेळा परत आली. तेव्हा आपल्या यजमानांना सांगा की जी वस्तू घराबाहेर जाऊन तिच्यासारख्याच अनेक वस्तूंत मिसळते तिच्यावर नाव घालण्यात शहाणपण आहे, आणि न्हाणीघरातल्या टॉवेलबद्दल त्यांचे म्हणणे बरोबर आहे. हौस म्हणून भरायचे असेल तर भरा, फक्त ती हौस आहे हे कबूल करा.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. नातवंडांच्या दप्तरावर, टोपीवर, रेनकोटवर बाहेरून नाव भरून घेण्याची सध्या चाल पडली आहे. अनोळखी माणसाने मुलाला नावाने हाक मारली की मूल त्याला ओळखीचा समजते. नाव आणि फोन क्रमांक आतल्या बाजूस असावा.

कशिदाकार

काकांच्या बोलण्यात भर घालतो: रेनकोटवर भरतकाम करूच नये. सुईने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून पाणी आत येते. त्यावर छापून घ्यावे.

रोखठोक

मला हा सर्वच प्रकार खटकतो. लुई व्हिटाँच्या बॅगांवरची ती प्रसिद्ध अक्षरे १८९६ साली नकला रोखण्यासाठी आली असे म्हणतात, आणि आज रस्त्यावरच्या नकलांवर नेमकी तीच अक्षरे सर्वांत ठळक असतात. पट्ट्यापट्ट्यांतून नाव विणलेला पंतप्रधानांचा सूट २०१५ साली सुरतच्या लिलावात ४ कोटी ३१ लाखांना गेला, तेव्हा नाव घातल्याने किंमत वाढते असे कोणी म्हणेल. पण आपल्यासारख्यांच्या शर्टावर अक्षर भरले की तो धाकट्या भावालाही देता येत नाही. पूर्वी कपडा घरात तीन अंगांवरून फिरत असे.

गिरगावची माहेरवाशीण

मुद्दा रास्त आहे, परंतु रुखवतातला टॉवेल धाकट्या भावाला कोण देते?

पार्लेकरीण

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री यजमानांना सर्व वाचून दाखवले. शर्टांवर काहीही भरायचे नाही असे ठरले, कारण बारा मिलिमीटरचे 'कौ' कफवर मिरवायला जावईच तयार नाहीत. चादरीही कोऱ्या राहतील. सहा टॉवेलांपैकी तीनांवर 'श्रु' आणि तीनांवर 'कौ' भरायचे, पाच सेंटिमीटर, पॉलिएस्टर धागा, आखणी मुलीच्या स्वतःच्या हस्ताक्षरावरून. टॉवेल आज सकाळीच धुऊन वाळत घातले आहेत. यजमानांनी अखेर होकार दिला तो एका अटीवर: परातीवर आणि मोठ्या पातेल्यावर मुलीचे पूर्ण नाव, आडनावासह, तांबाकाट्यावरून ते स्वतः जाऊन कोरून आणणार आहेत.