ब्लूबेरीची पाने पिवळी पडत आहेत : माती बदलावी की पाणी?

नमस्कार.

परसबागेतील ब्लूबेरीच्या दोन रोपांविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. दोन्ही रोपे तीन वर्षांपासून मोठ्या कुंड्यांत आहेत आणि पहिले दोन हंगाम त्यांनी ओंजळभर का होईना, पण फळे दिली. यंदा मात्र शेंड्याकडची नवी पाने फिकट पिवळी निघत आहेत. पान उजेडासमोर धरले, की शिरांचे जाळे तेवढे हिरवे आणि मधली सगळी जागा पिवळी दिसते. नत्र कमी पडले असते तर आधी खालची जुनी पाने पिवळी झाली असती. ती तर अजून बरी आहेत. त्यामुळे ही लोहाची कमतरता असावी, असा माझा अंदाज आहे.

शेजारच्याच कुंडीत, त्याच मिश्रणात आणि त्याच पाण्यावर स्ट्रॉबेरी मजेत वाढत आहे, म्हणून आधी मी गोंधळलो होतो. पण स्ट्रॉबेरीला ५.५ ते ६.५ सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी तितकी माती आम्लधर्मी) मानवतो, तर ब्लूबेरीला साधारण ४.५ ते ५.५ इतकी आम्लधर्मी माती लागते, आणि सामू त्यापलीकडे गेला की मातीत लोह असूनही तिच्या मुळांना ते उचलता येत नाही. सामूपट्टीने तपासले तेव्हा लागवडीच्या वेळी ५ असलेला सामू आता ६.५ च्या आसपास भरला.

यात माझा एक अपराध आहे. पालाश (पोटॅशियम) मिळेल म्हणून मी गेल्या वर्षी दोनदा चुलीतली राख घातली, आणि राख तर सामू वाढवते. मात्र संशय पाण्यावरही आहे, कारण ते जड, म्हणजे क्षारयुक्त आहे. कुंडीच्या काठावर पांढऱ्या क्षाराचा खरखरीत थर बसला असून तो नखाने खरवडला की पापुद्रा निघतो.

चिलेटेड लोहाची (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातील लोहाची) एक फवारणी करून पाहिली. फवारलेली पाने हिरवी झाली, पण त्यानंतर फुटलेली पुन्हा पिवळीच आली. पाण्यात व्हिनेगर मिसळण्याचा सल्लाही मिळाला होता, पण त्याचा परिणाम फार टिकत नाही, म्हणून तो मार्ग मी सोडून दिला.

आता गंधकाचा विचार आहे. मातीतील जिवाणू त्याचे आम्ल करतात, त्याला काही महिने लागतात, हे मान्य आहे. अडचण वेगळीच आहे : ब्लूबेरीची मुळे उथळ आणि केसांसारखी बारीक असल्याने गंधक मातीत खोल मिसळायला गेलो तर तीच तुटतील. भुकटी नुसती वर पसरून त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन दिल्यास पुरेसे होईल का? की फळे उतरल्यावर रोपे सरळ नव्या आम्लधर्मी मिश्रणात हलवावीत?

साठवलेले पावसाचे पाणी मला जेमतेम काही आठवडे पुरते. ते संपल्यावर जड पाण्यात सायट्रिक आम्ल मिसळून कोणी नियमित दिले आहे का, आणि दिले असल्यास प्रमाण कसे ठरवले? शिवाय, खत म्हणून अमोनियम सल्फेट ब्लूबेरीला योग्य मानले जाते, पण रोप आधीच अशक्त असताना ते आताच द्यावे, की नवी पाने हिरवी निघेपर्यंत थांबावे?

हवी असल्यास पानांची छायाचित्रे देतो.