रक्त तपासून ऑटिझम कळतो का? मुलगा २२ महिन्यांचा आहे

सक्करदऱ्याचा बाबा:
नमस्कार. पोरगा हाक मारली तर वळून पाहत नाही, पण पलीकडच्या खोलीत कुरकुऱ्याचं पाकीट फाडलं तरी पळत येते. दिवाळीपर्यंत 'पापा', 'दे', 'भू' म्हणायचा, आता तेही बंद. दिवसभर डब्याचं झाकण फिरवत बसून राहते. आई म्हणते, "तू बी तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता." एका लॅबवाल्यानं 'ऑटिझम मार्कर पॅनल' सांगितलं, १८,५०० रुपये. पंधरा दिवसांत हो की नाही कळते म्हणे. बायको म्हणते, करून टाकू. करू का?

सुई-काका:
भाऊ, पैसे खिशातच ठेवा. मी एकतीस वर्षं धंतोलीत रक्त काढलं. लहान पोरांच्या नसा सापडत नसल्या की मलाच बोलवायचे. रक्तावर माझा विश्वास आहे. साखर, थायरॉइड, कावीळ ते सांगते. ऑटिझम सांगत नाही, अजून तरी. तो पोराला खेळताना पाहून आणि तुमच्याशी तासभर बोलूनच ठरवतात.

लॅबवाला अगदीच हवेत बोलून नाही राहिला. अमेरिकेत २०१७ साली ८३ ऑटिझमची आणि ७६ इतर मुलं घेतली, रक्तातली फोलेट (एक ब जीवनसत्त्व) आणि गंधकाच्या चयापचयाची द्रव्यं मोजली, आणि ९६ ते ९८ टक्के मुलं बरोबर ओळखली. पेपरात झळकली ती हीच बातमी. पण मुलं तीन ते दहा वर्षांची होती, तुमचं बावीस महिन्यांचं. पुढच्या वर्षी वेगळ्या मुलांवर तेच करून पाहिलं तर आकडा ८८ वर आला. दुसऱ्या एका अभ्यासात दीड ते चार वर्षांची ५१६ ऑटिझमची मुलं होती. त्यातल्या सुमारे १७ टक्क्यांतच अमिनो आम्लांची ठरावीक गडबड दिसली. म्हणजे बाकीच्या ८३ टक्के आयांच्या हातात 'काही नाही'चा कागद आला असता.

आणि हिशेब करा. हजार पोरांत दहा ऑटिझमची धरा. ती ९६ टक्केवाली चाचणी शंभरातल्या चार निरोगी पोरांना चुकून 'आहे' म्हणते. नऊशे नव्वदांचे झाले चाळीस. खरे दहा, खोटे चाळीस! रिपोर्टात लाल अक्षर आलं की आया बाकावरच रडायच्या, काळं आलं की पेढे आणायच्या. दोन्ही पाहिलं मी.

मानेवाड्याची आई:
काका बरोबर सांगून राहिले. आमचा आता आठ वर्षांचा. आम्ही सात महिने 'बोलेल, बोलेल' करत घालवले, ते मला अजून बोचतात. तीन शब्द येऊन गेले म्हणता, त्यावर थांबू नका. एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी आहे, १६ ते ३० महिन्यांसाठीच. ते निदान नाही, चाळणी आहे. ती भरून विकासतज्ज्ञ बालरोग डॉक्टरांकडे जा. खासगी परवडत नसेल तर अंगणवाडीत येणाऱ्या आरबीएसकेच्या (सरकारी बालआरोग्य तपासणी) पथकाला विचारा, ते डीईआयसीला, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्राला, पाठवतात. थेरपीसाठी कागदाची वाट पाहू नका, खेळातून शिकवणं आजपासून सुरू करता येते.

सक्करदऱ्याचा बाबा:
मग रक्त काढायचंच नाही का?

सुई-काका:
डॉक्टरांनी लिहिलं तर काढा. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड पाहतात. माती नाही तर भिंतीचे पोपडे खात असेल तर शिसंही. मायक्रोॲरे, फ्रॅजाइल एक्स या जनुकांच्या तपासण्या निदान झाल्यावर कारण शोधायला असतात. सगळ्यात आधी मात्र बेरा करा, म्हणजे कानाची तपासणी. पाकिटाचा आवाज ऐकला म्हणून कान पूर्ण बरे, असं नाही होत.

सक्करदऱ्याचा बाबा:
काल एम-चॅट भरला. 'बोटानं दाखवतो का' इथं बायको थांबली. माझा हात धरून फ्रिजपाशी नेते, बोट कधीच नाही केलं. पॅनल रद्द. सोमवारी दहाला बेरा आहे, रामदासपेठेत. झोपेत करावं लागते म्हणाले. हे पोट्टं दुपारशिवाय झोपत नाही, काय करू?

मानेवाड्याची आई:
पहाटे पाचला उठवा, खेळवा, आणि गाडीत अजिबात डोळा लागू देऊ नका. आमचा मेडिकल चौकापर्यंतच झोपला होता, तिथं पोचल्यावर टक्क जागा. दुसरी तारीख घ्यावी लागली.