फ्लेक्स लागायच्या आधी कोण होतं? (अनुभव धागा)

परवा गावी गेलो होतो. स्टँडवर उतरलो तर समोर वीस फुटी फ्लेक्स, आमच्या आळीतला पोरगा पीएसआय झालाय. आता फोटो त्याचाच, पण शोधायला लागला, कारण वर सात नेते, खाली पंधरा-सोळा शुभेच्छुक आणि मधे कुठंतरी हा, पासपोर्ट साइझमधे. मिरवणूकपण झाली म्हणे, जेसीबीतून गुलाल, डीजे, सगळं. आनंद झालाच, खोटं कशाला बोलू, त्याच्या आईनं दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाऊन पोरगं शिकवलंय.

पण फ्लेक्स बघताना मला सारखे आठवत होते ते आमच्या ग्रामपंचायतीचे शिपाईमामा. या पोरानं चार वर्षं अभ्यास केला तो पंचायतीच्या मागच्या खोलीत, जिथं आधी मोडक्या खुर्च्या आणि फाटक्या सतरंज्या पडलेल्या असायच्या. ती खोली मामांनी स्वतः झाडून दिली, ट्यूब बसवून घेतली, किल्ली पाण्याच्या मीटरच्या पेटीत ठेवायचे म्हणजे पोरांना कुणाच्या दारात जाऊन मागायला नको. रात्री अकराला चक्कर मारायचे, आम्हाला वाटायचं आता हाकलतायत, तर हातात किटली. किटलीवर जुन्या स्वेटरची बाही चढवलेली, चहा गार होऊ नये म्हणून. सत्काराच्या दिवशी मामा कुठं होते विचारलं, तर खुर्च्या लावत होते.

म्हणून हा धागा. तुमच्या गावातली, गल्लीतली, सोसायटीतली पोरं काय काय करून दाखवतायत ते सांगाच, पण त्यांच्या मागं कोण उभं राहिलं तेही सांगा. माणूस असेल, मंडळ असेल, संस्था असेल. घरच्या लोकांची नावं टाकू नका, उगाच ओळख उघड नको. बाकी नियम काही नाहीत.

संगमेश्वर, सध्या डोंबिवली:
आमच्याकडे हे काम मुंबईकर मंडळाचं. कोकणात बऱ्याच वाड्यांचं मुंबईत एक मंडळ असतं, महिन्याची वर्गणी, वर्षाची एक मीटिंग (ती भांडणातच संपते, तो रिवाज आहे), आणि गणपतीला चाकरमानी गावी आले की देवळासमोर दहावी-बारावीच्या पोरांचा सत्कार. दहावीच्या निकालात कोकण विभाग वरच असतो, त्यामुळे आमच्याकडे नारळ कमी पडतात हा खरा प्रॉब्लेम. मला ६१ टक्के होते तरी स्टेजवर बोलावलं, कारण नियम एकच, पास झाला तो प्रत्येक जण. पाकिटात ५१ रुपये आणि एक डिक्शनरी.
पण मंडळाचं खरं काम पाकिटाचं नाही. मी आयटीआयला मुंबईत आलो तेव्हा परळला एका गाववाल्यांच्या खोलीत राह्यलो. ते गिरणीत होते, १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच, मग कुठं वॉचमन, कुठं काय. खोलीत आधीच सहा माणसं, मी सातवा, झोपायला गॅलरी. दोन वर्षं एक रुपया घेतला नाही. माझ्या पहिल्या पगाराचे पेढे घेऊन गेलो तर म्हणाले, पेढे ठेव, पुढच्या महिन्यात आपल्या वाडीतला एक येतोय, त्याला तुझ्या कंपनीत बघ काय होतं का.

परभणी जिल्हा:
माझा हीरो आमच्या गावचा ई-सेवा केंद्रवाला दादा. हसू नका. मी नर्सिंगला आहे, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायची शेवटची तारीख, पोर्टल सकाळपासून गोल गोल फिरतंय, आणि माझ्यासारख्या बारा-तेरा पोरी ओट्यावर बसलेल्या. संध्याकाळी लाइट गेली. दादानं ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, इन्व्हर्टरला जोडली. ओटीपी येईना म्हणून मला मोबाईल घेऊन पाण्याच्या टाकीवर चढवलं, मी वरून आकडे ओरडतेय, खाली तो टाइप करतोय, मधला एक आकडा चुकला, परत नवा ओटीपी, परत टाकी. रात्री अकरा चाळीसला माझा फॉर्म सबमिट झाला. शेवटच्या दोघींचा राहिलाच. मग दुसऱ्या दिवशी तारीख वाढवली 😅 दादा म्हणाला मला माहीतच होतं, पण विश्वास कोण ठेवील. पैसे घेतले फक्त प्रिंटचे.
तेव्हाची एक जण आता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. गावात तिचा सत्कार झाला तेव्हा तिनं माईक हातात घेऊन दादाला पुढं बोलावलं. तो आलाच नाही, दुकानात गर्दी होती.

पुणे:
मी लेखनिक म्हणून जायचो, म्हणजे दृष्टिहीन विद्यार्थ्यांचे पेपर लिहायला. ते सांगणार, आपण लिहायचं, त्यांना तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. लोकांना वाटतं सोपंय. अजिबात नाही. एका ताईचा बीएचा इतिहासाचा पेपर होता, तिनं सत्यशोधक समाजाची स्थापना १८७५ सांगितली. मला माहितीय १८७३, पण तोंड उघडायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही (तिला दिसणार नव्हती, तरी). लिहिलं १८७५. पुढची सगळी उत्तरं माझं मन त्या पाचावर. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा ती म्हणाली, दुसरा प्रश्न परत वाचून दाखव. वाचला. थांबली. म्हणाली, त्र्याहत्तर कर. मी इतक्या जोरात श्वास सोडला की सुपरवायझर बघायला लागले.
ती आता बँकेत आहे. परवा फोन करून म्हणाली तुझं अक्षर घाण आहे असं माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, मार्क पडले ते माझ्या नशिबानं. तर ज्यांना वेळ आहे त्यांनी आपल्या गावातल्या अंधशाळेत किंवा कॉलेजात विचारा, परीक्षेच्या महिन्यात लेखनिक कायम कमी पडतात, आणि पेपरच्या आदल्या रात्री कुणीतरी ‘जमत नाहीये’ असा मेसेज टाकतो तेव्हा त्या पोरांचं काय होतं ते मी बघितलंय.

नाव-गाव नको:
मी जरा वेगळं लिहितो, चालेल का? माझा फ्लेक्स लागला नाही. पाच वर्षं पुण्यात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, एमपीएससी, मुख्य परीक्षा दोनदा, इंटरव्ह्यू एकदा, नाव नाही. यशस्वी झालेल्याला सगळे विचारतात कुणी मदत केली, नापास झालेल्यालापण कुणीतरी केलेली असते हो. माझ्या मेसच्या काकूंनी शेवटचे सात महिने वहीत फक्त टिक केली, आकडा लिहिलाच नाही. ‘लागलास की दे.’ लागलो नाही. गावी आलो, वर्षभर कुणाला तोंड दाखवलं नाही, आता बायकोच्या भावाबरोबर ठिबकची कामं घेतो, बरं चाललंय. दोन वर्षांनी पैसे घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी वही काढली, टिका मोजल्या, जेवणाचे पैसे घेतले आणि म्हणाल्या, सणाचे धरले नाहीत, सणाला मी घरच्यांना वाढते.

धागाकर्ता:
वरच्या मित्रा, चालेल काय, धावेल. कुणी पुण्याला पोर पाठवणार असेल तर विद्यार्थी सहाय्यक समितीचं नाव लक्षात ठेवा. १९५५ पासून खेड्यातल्या गरजू मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय करतायत, आमच्या भागातले बरेच जण तिथून शिकले.

कोल्हापूर:
लोकहो, हा विषय निघाला आणि खाशाबा जाधव निघाले नाहीत म्हणजे काय! कराडजवळच्या गोळेश्वरचा गडी, १९५२ ला हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आणि जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि आमच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. १९५२ चे सात हजार म्हणजे किती ते तुम्हीच बघा. आल्यावर कराड स्टेशनपासून मिरवणूक, शंभरावर बैलगाड्या. ते सगळ्यांना माहीत असतंय, पण नंतर ह्या माणसानं कुस्त्यांची मैदानं घेऊन प्राचार्यांचे पैसे फेडले हे लई कमी जणांना ठावूक.
मग महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक पदक कधी? २०२४, पॅरिस, स्वप्नील कुसाळे, राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, ब्राँझ. ७२ वर्षं मधे! पोरगं क्रीडा प्रबोधिनीत वाढलं, रेल्वेत तिकीट तपासनीस होतं. ब्राँझ आलं त्या दिवशी आमच्या तालमीत वस्तादांनी एकच वाक्य टाकलं, ‘चला, आता लोक रायफलबी मागतील वर्गणीतनं.’

आष्टी, बीड:
आमचा अविनाश साबळे राहिला की. मांडव्याचा. लहानपणी शाळेला पाच-सहा किलोमीटर, बऱ्याचदा पळतच. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला स्टीपलचेसमधे (अडथळ्यांची शर्यत) सिल्व्हर, ८ मिनिटं ११.२० सेकंद, गोल्ड हुकलं ते ०.०५ सेकंदानं. आमच्याकडं उसतोडीला गावंच्या गावं जातात, पोरं आजी-आजोबांपाशी राहतात नाहीतर कोप्यांवर (तोडीच्या ठिकाणच्या झोपड्यांवर) जातात आणि शाळा बुडते. तो पळाला तेव्हापासून पहाटे रोडला पोरं दिसायला लागली एवढं खरं. सोय मात्र काहीच नाही, नुसता रोड.

चंद्रपूर:
बाप्पा, आमची पोट्टीपण सांगतो. २०१८ च्या मे महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर जाऊन आली. इथं ४६-४७ च्या उन्हात वाढलेली पोरं न् थेट बर्फात. त्यांना गिर्यारोहणाचं ट्रेनिंग देऊन तयार केलं होतं. आश्रमशाळा म्हटलं की पेपरात वाईटच बातमी येते, आमच्या बाजूच्या एका शाळेत मी स्वतः खराब डाळीची तक्रार घेऊन गेलेला माणूस आहे, पण हेही तिथलंच ना.

माण तालुका, सातारा:
वरचं ‘नुसता रोड’ वाचलं आणि लिहायला घेतलं. आमचापण दुष्काळी तालुका. मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओला स्टीपलचेसच्या फायनलला पळाली तेव्हा मी सातवीत होते, पूर्ण गाव टीव्हीसमोर. मग आम्ही नऊ जणींनी पोलीस भरतीची तयारी चालू केली. मुलींना ग्राउंडला ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळा, मिळून ५० मार्क, मग लेखी १०० मार्कांची. पळायचं कुठं? रोडवर. कधी? पहाटे साडेचारला, कारण सहानंतर डंपर आणि टपरीवरचे टवाळ. घरचे म्हणाले अंधारात पोरी जाणार नाहीत, विषय संपला.
तर आमच्या शेजारचे एक आप्पा, त्यांचा छोटा हत्ती (टेम्पो) आहे, भाजी घेऊन साताऱ्याला जातात. ते म्हणाले मी तसाही पहाटे निघतोच, अर्धा तास आधी निघीन. आम्ही पुढं पळायचो, मागं आप्पांचा टेम्पो पहिल्या गिअरमधे, हेडलाइट आमच्या पाठीवर. आमच्या सावल्या पुढं इतक्या लांब पडायच्या की वाटायचं आपणच हरतोय. आत टोमॅटोचे क्रेट आणि आप्पांच्या भजनाची कॅसेट. दोन वर्षं. पावसाळ्यातपण. डिझेलचं विचारलं तर म्हणायचे, पहिला गिअर आहे, कितीसं पितंय (भरपूर पितंय, मला आता कळतं, माझ्या नवऱ्याची गाडी आहे).
नऊतल्या चौघी लागल्या. मी नाही, माझी हाइट पाऊण सेंटीमीटर कमी भरली, आधी कुणी नीट मोजलीच नव्हती, हे वाचून तरी आपल्या पोरींची हाइट आधी मोजा. पण लागलेल्या एकीनं पहिल्या पगारातनं आप्पांना नवी बॅटरी घेऊन दिली टेम्पोला. आता मी गावातल्या नव्या बॅचचं ग्राउंड घेते, बारा जणी आहेत. एकच अडचण, आमच्याकडं चार किलोचा गोळा एकच होता, तो मागच्या पंधरवड्यात फेकता फेकता विहिरीत गेला. सध्या वाळूची पिशवी बांधून फेकतोय, पण हाताला ती सवय लागली तर ग्राउंडला पंचाईत होणार.

न्यू जर्सी:
तीन दिवस हा धागा वाचतेय, नुसती वाचत होते. इथं आम्ही रविवारी मराठी शाळा चालवतो, त्याबद्दल लिहिणार होते, ते राहू दे आता. गोळा केवढ्याला येतो?

माण तालुका, सातारा:
अहो ताई, तसं नव्हतं म्हणायचं मला.

कोल्हापूर:
न्यू जर्सीवाल्या ताई, तुम्ही राहू द्या, डॉलर घालून लोखंड कशाला. आमच्या तालमीच्या माळ्यावर चार किलोचे दोन पडलेत, कुणी हात लावत नाही, गंज काढून घ्यावा लागेल. माणच्या ताई, पत्ता मेसेज करा. कुरिअरवाला वजन बघून रडंल, म्हणून परवा आमचा एक गडी फलटणला चाललाय बाइकवरनं, त्याच्या डिकीत टाकतो. पुढं फलटणपासनं आप्पांना सांगा.