बायको म्हणते आता केस पांढरेच ठेवीन, तिला काय सांगू?

धरमपेठकर:
नमस्कार मंडळी. २००९ ला लग्न झालं, बायको आता ४३ ची. परवा न्हाऊन आली आणि केस पुसता पुसता म्हणाली की आता डाय बंद, बारीक कापून टाकते आणि पांढरे येतील तसे येऊ देते, कसं दिसेल सांगा. मी म्हटलं छान दिसेल. तर म्हणे तुम्ही सगळ्यालाच छान म्हणता, आणि गप बसली. तेव्हापासून तेच डोक्यात घोळून राहिलं, कारण मला खरंच सगळंच छान वाटत आलंय.

लग्नात कमरेखाली वेणी होती, खोपा घालायला तिच्या मावशीला तास लागला. मग २०१२ च्या डिसेंबरात मुलगी झाली आणि तीनेक महिन्यांनी केस असे गळायला लागले की कंगव्यात पुंजका, उशीवर पुंजका, लेकीच्या मुठीत पण आईचाच केस. डॉक्टर म्हणाल्या गरोदरपणात हार्मोनमुळे जे केस गळायचे थांबतात ते नंतर एकदम जातात, वर्षभरात भरून येतील, पण ती फार घाबरली होती. त्यात २०१३ चा तो मे महिना, आठवत असेल, आपल्या नागपुरात पारा ४७.९ ला गेला होता, कूलरसमोर बसूनही मानेवर घामोळं. एका संध्याकाळी बर्डीवरून खांद्याच्याही वर कापून आली, स्कार्फ सोडला आणि दारातच रडायला लागली. तिच्या मानेवर मागे एक बारीकसा तीळ आहे, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. काय सुंदर दिसत होती! पण तेव्हाही मी 'छान' एवढंच म्हटलं.

नंतर स्मूथनिंग झालं, लेयर्स झाले, लॉकडाऊनमध्ये पार्लर बंद तर गॅलरीत पेपर अंथरून शिलाईच्या कात्रीने मीच कापले, ती दातात पिना धरून 'सरळ कापा हो' म्हणत होती. अजूनही गाडीच्या डिक्कीत, खिडकीत, माझ्या शर्टाच्या खिशात तिच्या पिना सापडतात आणि मला बरं वाटतं.

आता आई म्हणून राहिली की इतक्यात काहून म्हातारी व्हायचं. बायकोला माझं मत हवंय, आणि मी 'तुझी मर्जी' म्हटलं तर तिला वाटेल याला काही फरकच पडत नाही. कसं सांगू?

सक्करदऱ्याची_ताई:
दादा, हे जे इथे लिहिलं ना, तेच तिला सांगा. तिळाचं तर नक्कीच. 'छान' हा शब्द आम्ही भाजीलाही ऐकतो. तुम्ही काय पाहिलं ते आम्हाला ऐकायचं असतं.

पार्लरवाली:
मी २० वर्षं हेच काम करून राहिली. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे खांद्यापर्यंतचे असतील तर डाय पूर्ण निघायला दोन वर्षं जातील आणि मध्ये भांगात ती पांढरी पट्टी दिसत राहते, बायका तिथेच कंटाळून परत डाय लावतात. वहिनी आधी बारीक कापायचं म्हणतात ते एकदम बरोबर आहे. मधल्या काळात काळी मेंदी लावू नका, त्यात बरेचदा डायचंच केमिकल असतं. आणि कापायला जातील तेव्हा तुम्ही सोबत जा, आरशातून पहिल्यांदा तुमच्याकडेच बघतील.

महालवाला:
भाऊ, ताईंचं पटलं, पण आईचं काय? बायकोला कितीही गोड बोललात आणि स्वयंपाकघरात रोज 'म्हातारी' ऐकावं लागलं तर काय उपयोग. आईशी तुम्हीच बोला, वहिनींना बोलायला लावू नका. आमच्याकडे मी हे फार उशिरा केलं.

धरमपेठकर:
सगळ्यांचे आभार. महालवाले भाऊ, आईशी काल बोललो, ती थोडी फुगली आहे पण ऐकून घेतलं. रात्री बायकोला तिळाचं सांगितलं. ती किती तरी वेळ काही बोललीच नाही, मग मानेवर हात फिरवून म्हणाली, नेमका कुठे आहे? मी बोट ठेवून दाखवला. फोटो काढा म्हणाली, तर केस वर धरून काढला. शनिवारी चारची वेळ घेतली आहे, मी हाफ डे टाकलाय.